राखीव क्वार्टरबॅक

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा अकरावीत गेला तेव्हा त्याला शाळेच्या मुख्य अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे व्हर्सिटीत घेतलं. जागा होती राखीव क्वार्टरबॅकची. इथल्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, मुलाला फुटबॉलला घालू का, आणि नुसतंच बसवून ठेवलं तर काय करायचं. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेंटर नावाचा खेळाडू दोन पायांतून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. क्वार्टरबॅकने तो घ्यायचा आणि कुणाच्या हातात द्यायचा, लांब फेकायचा, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. बाकीच्या बऱ्याच जागांवर मुलं आलटून पालटून उतरतात, क्वार्टरबॅक सहसा बदलत नाहीत. राखीव यष्टिरक्षकासारखी गत. पहिल्याला काही झालं तरच तुमची पाळी, आणि ती पाळी यावी असं उघडपणे म्हणताही येत नाही.

आणि टेक्सासात शालेय फुटबॉल म्हणजे पोरखेळ नव्हे. आमच्या शेजारच्या ॲलन गावात शाळेचं स्टेडियम 18 हजार प्रेक्षकांचं आहे. 2012 मध्ये 6 कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. शुक्रवारी रात्री अख्खं गाव तिथे.

सराव ऑगस्टच्या सुरुवातीला भर उन्हात सुरू झाला, आणि पहिली अडचण तिथेच कळली. पहिल्या फळीबरोबरच्या जवळपास सगळ्या चाली पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. राखीव मुलगा असतो स्काउट टीममध्ये. येत्या शुक्रवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या चाली तो खेळून दाखवतो, म्हणजे आपल्या बचावफळीला सराव होतो. त्यामुळे आमच्या मुलाला समोरच्या संघाच्या चाली तोंडपाठ आणि स्वतःच्या संघाच्या फक्त वहीत. उद्या गरज पडली तर हा खेळणार काय?

नवऱ्याने कोचना लांबलचक मेल लिहायला घेतली. मुलाने ती वाचली आणि म्हणाला, "बाबा, तू हे पाठवलंस तर मी उद्यापासून जाणार नाही. आई, तूही कोचना काही बोलू नकोस." मग तो स्वतःच कोचकडे गेला. मला सामन्यात खेळवा, असं तो म्हणाला नाही. सरावात रोज थोडा वेळ पहिल्या फळीबरोबर द्या, एवढंच मागितलं. कोच म्हणाले, तेवढा वेळ नाही. पण सराव संपल्यावर सेंटरला घेऊन थांबायचं असेल तर थांब, दिवे मी बंद करीन.

सेंटर हा अगडबंब, भला मुलगा. त्याला आमच्याकडची पावभाजी आवडायची. डबा सरावानंतर गाडीतच उघडायचा. हे लाचलुचपत प्रकरण हंगामभर चाललं. गंमत सोडा, पण ते कामी आलं. प्रत्येक सेंटरच्या हातून चेंडू वेगळा येतो. कुणाचा वर, कुणाचा जोरात. पाच यार्ड मागे उभं राहून, समोरची मुलं अंगावर धावून येत असताना तो हातात बसायला सवयच लागते.

सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी मी बूस्टर क्लबच्या स्टॉलवर नाचोजवर चीज ओतत होते. पालकांना हे काम आळीपाळीने असतं. लाउडस्पीकरवर आमचं आडनाव ऐकू आलं, नेहमीसारखंच मोडतोड केलेलं. पहिल्या क्वार्टरबॅकचं कॉलरबोन मोडलं होतं. मी ॲप्रनसकट धावले. खरं सांगते, मला आनंद झाला नव्हता. मला फक्त घाम फुटला होता.

चालींचे नंबर लिहिलेली एक पट्टी क्वार्टरबॅकच्या मनगटावर असते. आमच्या मुलाकडे त्या दिवशी ती नव्हती, कारण कुणाला सुचलंच नव्हतं. जखमी मुलाने एक हात पोटाशी धरून दातांनी वेल्क्रो सोडवलं आणि स्वतःची पट्टी याला दिली. घामाने आतला कागद ओला झाला होता.

स्नॅप सगळे नीट आले. हँडऑफ, म्हणजे पळणाऱ्या मुलाच्या हातात चेंडू देणं, तेही जमलं. गाडी अडली ती पास टाकताना. ज्या मुलांना पास टाकायचे त्यांच्याबरोबर हा कधी खेळलाच नव्हता. पास घेणारा मुलगा वळेल असं याला वाटलं, तो सरळ पळत राहिला, आणि चेंडू समोरच्या संघाच्या हातात. सामना हरलो.

घरी आल्यावर नवऱ्याने डॅलसच्या काउबॉइज या व्यावसायिक संघाचं पुराण काढलं. 2006 मध्ये मध्यंतराला पहिला क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसो याला बसवून राखीव टोनी रोमोला उतरवलं, तेव्हा रोमोचे तीन पास विरोधकांनी पकडले आणि सामनाही गेला. तरी पुढच्या सामन्यात पुन्हा रोमोच. (बिचाऱ्या ब्लेडसोवर ही वेळ दुसऱ्यांदा आली. 2001 मध्ये न्यू इंग्लंडच्या संघात असताना तो जखमी झाला आणि त्याच्या जागी टॉम ब्रेडी आला.) मग 2016 मध्ये रोमोची पाठ दुखावली, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, चौथ्या फेरीत घेतलेला नवखा डॅक प्रेस्कॉट आला. पहिला सामना एका गुणाने हरला, पुढचे अकरा सलग जिंकला. रोमो बरा होऊन आला तोवर जागा गेलेली. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तो माझा मित्र आहे. त्याची जागा जावी असं मला वाटत नाही." नवरा गप्प बसला.

पुढच्या आठवड्यात कोचनी एक फार चांगली गोष्ट केली. आमच्या मुलाला समोर बसवून विचारलं, यातल्या कुठल्या चाली तुला आवडतात? ज्यांवर तो अडखळला त्या सरळ खोडल्या. जवळचे पास आणि हँडऑफ, एवढ्यावर पट्टी भरली. आठवडाभर पहिल्या फळीबरोबर सराव दिला.

तरीही शुक्रवारी पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा पास पकडला गेला. माझ्यामागे बसलेले एक गृहस्थ ओरडायला लागले, तिसऱ्या क्वार्टरबॅकला, त्या दहावीतल्या मुलाला आणा म्हणून. कोचनी त्याला बाहेर काढलं नाही. हंगामाच्या शेवटी मी त्यांना याचं कारण विचारलं. म्हणाले, "एका चुकीला काढलं असतं, तर पुढचा प्रत्येक पास त्याने माझ्या तोंडाकडे बघून टाकला असता." तो सामना आम्ही जिंकलो. नंतरचे काही जिंकलो, काही हरलो.

आता जे सांगायचं आहे ते जास्त महत्त्वाचं. ऑक्टोबरात एका टॅकलमध्ये त्याचं डोकं आपटलं. उठला, खेळत राहिला. संघाच्या ट्रेनर बाईंनी पाहिलं, की तो हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, चुकीच्या बाजूला उभा राहिला. त्यांनी लगेच बाहेर काढून हेल्मेट काढून घेतलं. टेक्सासात 2011 पासून कायदाच आहे: कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, आणि नंतर डॉक्टरांचं लेखी पत्र आणि पालकांची सही झाल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. घरी तो म्हणत होता, काही नाही, डोकं दुखत नाही. दिवा लावला की डोळे मिटत होता. रात्री उशिरा कबूल केलं, की आता बसलो तर जागा जाईल म्हणून बोललो नाही.

राखीव मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं. मोठ्या मुश्किलीने मिळालेली जागा टिकवायला ही मुलं दुखणं लपवतात. "तुला काय होतंय" असं मोघम विचारू नका. फोनच्या उजेडाचा त्रास होतो का, उलटीसारखं वाटतं का, असं एकेक विचारा. तो बाहेर असताना दहावीतला मुलगा खेळला. आमच्याने स्वतःची पट्टी त्याच्यासाठी आदल्या रात्रीच लिहून ठेवली.

नोव्हेंबरात पहिला क्वार्टरबॅक बरा होऊन परतला आणि कोचनी त्याला त्याची जागा दिली. आमचा पुन्हा बाकावर. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण आता दर मंगळवारी राखीव मुलांना पहिल्या फळीबरोबर ठरावीक वेळ मिळतो, तिसऱ्यालाही.

तेव्हा कोचकडे काही मागायचंच असेल तर सामन्यातला नव्हे, सरावातला वेळ मागा, आणि तोही मुलालाच मागू द्या. डोक्याला मार लागलाच तर तुलना करायला हंगामाआधी जी चाचणी करतात, ती मात्र जुलैतच करून घ्या. हंगाम सुरू झाल्यावर डॉक्टरांची वेळ मिळत नाही.