तेरा किलोमीटर

नकाशावर पाहिलं तर श्रीनगरच्या विमानतळापासून गुलमर्ग अवघं पन्नास किलोमीटर. आमच्या चिपळूणहून कराडला जायचं तर याहून कितीतरी जास्त अंतर कापावं लागतं, आणि मध्ये कुंभार्ली घाट चढावा लागतो तो वेगळाच. तेव्हा पन्नास किलोमीटरांचं ते काय! विमानातून उतरलं, गाडी केली, दीड-दोन तासांत बर्फात. असा माझा सरळ हिशेब होता. घाटातल्या ड्रायव्हरच्या मुलीनं तरी असा हिशेब करायला नको होता.

गेल्या काही वर्षांत कुणी भेटलं की मला विचारतं, "काय गं, बर्फात घसरायला शिकलीस म्हणे?" मी हसून "हो" म्हणते. पण त्या प्रवासातलं मला जे खरोखर आठवतं ते बर्फावरचं घसरणं नव्हे. ते त्याच्या आदल्या दिवशीचं आहे. आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. गुलमर्गच्या एका प्रशिक्षण केंद्रात स्कीइंगचा चौदा दिवसांचा प्राथमिक वर्ग होता. माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं. कुणीतरी गळलं आणि चार दिवस आधी मला बोलावणं आलं. रेल्वेचं तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि विमानाचं तिकीट हातात ठेवलं. बाबा एस.टी.त ड्रायव्हर. विमानात ते स्वतः कधी बसलेले नाहीत. मला म्हणाले, "वर पोचलीस की फोन कर." बस्स, एवढंच.

पत्रात स्पष्ट लिहिलं होतं : पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हावे, अन्यथा जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल. 'पुढचा उमेदवार' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी मीच तो होते ना!

श्रीनगरला हवा खराब म्हणून विमान तीन तास उशिरा सुटलं. उतरताना खिडकीतून सारं पांढरं. हा विमानतळ एका करेव्यावर आहे, म्हणजे पुरातन सरोवराच्या गाळानं बनलेल्या उंच पठारावर. हवाई दलाचाही तळ तोच, म्हणून फोटो काढायला बंदी. बाहेर आले आणि लक्षात आलं की आपला फोन मुका झाला आहे. परराज्यातलं प्रीपेड सिमकार्ड तिथं चालत नाही. नकाशा नाही, फोन नाही, फोनवरून पैसे देणं नाही. पर्समध्ये होते तेवढेच पैसे, आणि तेही मोजके.

सुदैवानं एक सुमो मिळाली. दोन तरुण आधीच आत बसलेले. टपावर त्यांच्या स्वतःच्या स्की बांधलेल्या. ड्रायव्हर पन्नाशीचे, टंगमर्गचे राहणारे. फेरनच्या आत कांगडी घेऊन बसलेले. मी त्यांना 'चाचा' म्हणू लागले, आणि त्यांनी मला लगेच 'बेटी' करून टाकलं. भाडं ठरलं, निम्मं मी आधी दिलं.

रस्ता सुंदर होता हे आज सांगता येतं. तेव्हा माझे डोळे घड्याळावर होते. दुतर्फा पानं झडलेले पॉप्लर, बर्फात उभ्या सफरचंदाच्या बागा, मागामचा बाजार, मग कुंजर. चाचा बोलत होते. जानेवारी सगळा कोरडा गेला, म्हणाले. चिल्लई कलान म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले सर्वांत कडक चाळीस दिवस, २१ डिसेंबरपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचे. ते संपत आले तरी गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होतं. पर्यटकांनी बुकिंगं रद्द केली. गाडी दारात उभी. हप्ता मात्र थांबत नाही. महिनाअखेरीस एकदाचा बर्फ पडला तेव्हा त्यांच्या आईनं म्हणे अंगणात जाऊन दोन्ही हात वर केले. मी हे सारं ऐकत होते, 'हूं हूं' करत होते. मनात एकच : पाच वाजायच्या आत पोचायला हवं.

टंगमर्गला आलो तेव्हा चार वाजून गेले होते. इथून गुलमर्ग तेरा किलोमीटर. पण या तेरा किलोमीटरांत दीड हजार फुटांहून अधिक चढ आहे, आणि रस्ता वळणावळणांनी जंगलातून जातो. हिवाळ्यात इथं चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्या लागतात. साखळीच्या कड्या बर्फात रुततात म्हणून चाक जागच्या जागी गरगरत नाही. चाचांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, वाकून रस्त्यावरचा बर्फ बुटाच्या टाचेनं खरवडला. वर जंगलाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "आज नहीं जाएँगे. सुबह."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी समजावून सांगितलं. दुपारी थोडं ऊन पडलं होतं, वरचा बर्फ वितळून रस्त्यावर पाणी आलं होतं. आता ऊन गेलं, ते पाणी गोठतंय. त्याची काच होते. मऊ बर्फात साखळी रुतते, काचेवर नाही. आणि वरून पुन्हा बर्फ भुरभुरू लागला होता, त्या काचेवर पांघरूण घालायला. म्हणजे ती दिसणारही नाही.

ते दोघे तरुण ऐकेनात. समोरच एक जीप उभी होती. तिचा ड्रायव्हर तयार झाला, पण भाडं दामदुप्पट. मला म्हणाले, तिसरा हिस्सा दे आणि चल. मी पर्स उघडून पाहिली. ती बंद केली. आणि मग सगळा राग चाचांवर निघाला.

"और पैसे चाहिए क्या? साफ साफ बोलिए ना!"

चाचा काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती जीप निघून गेली. थोड्या वेळानं पोलिसांनीही वर जाणाऱ्या गाड्या थांबवल्या.

मी तिथं बर्फात उभी होते, आणि मला ऐकू येत होतं ते वाक्य माझं नव्हतं. ते मी पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि आणखी काही वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्या पुलावरून बाबांनी आयुष्यात किती वेळा गाडी नेली असेल, मोजदाद नाही. त्यानंतर कित्येक दिवस ते नीट जेवले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात मी त्यांच्याच गाडीतून आजोळी चालले होते. ड्रायव्हरमागच्या पहिल्या बाकावर, मोठ्या ऐटीत. एका मोरीवरून पाणी जात होतं. फार नव्हतं, घोट्याएवढं. बाबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. अर्धा तास गेला, एक तास गेला. लोक चिडले. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ड्रायव्हरसाहेबांना ओव्हरटाइम पाहिजे असेल!" सगळी गाडी हसली. बाबांनी मागं वळूनही पाहिलं नाही. आणि मी काय केलं? मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हे आपले वडील आहेत हे कुणाला कळू नये म्हणून.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते, असं म्हणून सुटता येईल. टंगमर्गला मी वीस वर्षांची होते.

त्या रात्री मी चाचांच्या घरी राहिले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. माझी बॅग उचलली आणि चालू लागले. घरात त्यांची आई, बायको आणि बारावीतली मुलगी. पत्र्याच्या बुखारीत लाकडं धडधडत होती. गुलाबी, खारट नून चहा आला, सोबत तंदुरातली रोटी. रात्री भात आणि हाक नावाची पालेभाजी. भात पाहून मला इतकं बरं वाटलं, की आजीनं ते ओळखलं आणि न विचारता आणखी वाढला.

चाचांच्या फोनवरून मी घरी फोन लावला. "बाबा, मी वर नाही पोचले. ड्रायव्हर नाही म्हणाले." पलीकडे क्षणभर काही नाही. मग बाबा म्हणाले, "त्यांना दे फोन."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. बाबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेलं. चाचांच्या हिंदीला काश्मिरी हेल. पण दोघं चांगली दहा मिनिटं बोलले! टायरचं बोलले, साखळ्यांचं बोलले. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे बाबांचं लाडकं वाक्य पलीकडून ऐकू आलं आणि चाचा "बिल्कुल, बिल्कुल" म्हणून खदखदून हसले. एक कोकणातल्या पावसाचा, एक काश्मीरच्या बर्फाचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाहीत बहुतेक. फोन ठेवताना चाचा मला म्हणाले, "तुम्हारे वालिद अच्छे ड्रायवर हैं." मी मान खाली घातली. माझं वाक्य त्यांनी बाबांना सांगितलं नव्हतं.

सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. रस्त्यावरचा बर्फ यंत्रानं ढकलून कडेला भिंतीसारखा लावला होता. चाचांनी साखळ्या जमिनीवर पसरल्या, गाडी त्यांच्यावर घेतली, कड्या ओढून आवळल्या आणि थोडं अंतर जाऊन पुन्हा एकदा आवळल्या. मग खडखड, खडखड करत आम्ही चढू लागलो. माणूस चालतो त्याहून थोडं जास्त वेगानं. एका वळणावर ती कालची जीप दिसली. नाक बर्फाच्या भिंतीत खुपसलेलं, मागचं एक चाक रस्त्याबाहेर. माणसांना काही झालं नव्हतं. बोचकी-स्की पाठीवर घेऊन ते दोघे रात्री अंधारात चालत वर गेले होते. चाचांनी जीपकडे पाहिलं आणि गिअर बदलला. 'बघ, मी म्हटलं होतं ना' असं ते म्हणाले नाहीत. मीही त्या जीपमध्ये असते. मला वाचवलं ते माझ्या शहाणपणानं नव्हे, रिकाम्या पर्सनं!

वर पोचल्यावर कळलं, वर्गातली आणखी चारजणं वाटेतच अडकली होती. सगळ्यांची हजेरी त्या सकाळीच लागली. जागा कुणाची गेली नाही. उरलेलं भाडं मी दिलं. चाचांनी ठरलेलंच घेतलं, एक रुपया जास्त नाही. रात्रीच्या जेवणाचा विषय काढला तर कान पकडले. माफी मागायची म्हणून मी रात्रभर हिंदी वाक्यं जुळवली होती. ती घशातच राहिली. मी नुसती वाकून नमस्कार केला. ते गोंधळले, हसले, "खुश रहो बेटी" म्हणाले आणि गाडी वळवून उतरू लागले. चढले होते त्याच गिअरमध्ये.

मग चौदा दिवस बर्फ. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता घसरायला शिकवतील. त्यांनी शिकवलं थांबायला. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, नांगराच्या फाळासारखा आकार करायचा आणि बर्फ रेटत थांबायचं. हे जमेपर्यंत वरच्या उतारावर कुणाला सोडत नाहीत. मी शंभर वेळा पडले. शेवटी थांबता येऊ लागलं, आणि तेव्हा मला बाबांची ती पाण्यापुढं उभी असलेली गाडी आठवली.

परत आले तेव्हा बाबा चिपळूण स्टँडवर न्यायला आले होते. बर्फाचं काही विचारलं नाही. "तिथली वळणं किती कठीण आहेत गं?" एवढंच. मी हातानं वळणं काढून दाखवली. चाचांना काय बोलले ते मात्र सांगितलं नाही. त्या मोरीच्या दिवशी मी खिडकीकडे का पाहत होते, तेही नाही.

कॉलेजचं वार्षिक नियतकालिक घरी आलं की बाबा ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. हेही वाचतील.