सातिवलीचा काढा

वसई म्हटले की आपल्यासारख्या मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर केळीच्या बागा, चर्चच्या घंटा आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी सर केलेला किल्ला उभा राहतो. ही सारी मौज स्टेशनच्या पश्चिमेला. पूर्वेला रिक्षा धरली की लागते ते सातिवली: पत्र्याच्या शेडी, लेथची घरघर, मालमोटारींची धूळ आणि या सगळ्यांकडे पाठ फिरवून बसलेला तुंगारेश्वराचा डोंगर. येथे कोणी सहलीला येत नाही. मी मात्र गेल्या महिन्यात गेलो, तोही एका पेल्यासाठी!

माझा एक कॉलेजमित्र वसईचा ईस्ट इंडियन. सातिवलीत त्याचा छोटा कारखाना आहे. डिसेंबरात त्याच्या मुलीचे लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणतात, त्याला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. आणि त्या वेळी लग्नघरात खिमाड हवेच. खिमाड म्हणजे दालचिनी, लवंग, वेलची, साखर यांच्या काढ्यात गावठी दारू घालून गरम गरम प्यायचे पेय. मित्राची आई ते करण्यात नावाजलेली. मावशी गेल्या वर्षी गेल्या आणि कृती त्यांच्याबरोबर गेली.

पॅरिसला नोकरी करणाऱ्या मुलीने वडिलांसाठी तीन बाटल्या आणल्या होत्या. एक अमेरिकन बर्बन, दोन फ्रेंच मद्ये. बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका लागतो आणि आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओकच्या पिंपात ती मुरते. त्यामुळे तिला गुळाचा वास येतो. बेनेडिक्टीनमध्ये 27 वनस्पती आणि मसाले असतात. 1863 साली फेकां गावच्या अलेक्झांडर ल ग्रां या व्यापाऱ्याने ती सिद्ध केली, आणि कृती आजही गुप्त आहे. क्वान्त्रो संत्र्याच्या सालींची. ‘गूळ, मसाला, साल. खिमाडाला आणखी काय लागते?’ मित्राचा हिशेब सरळ होता. घरी प्रयोग केला तर सारी आळी चाखायला येईल, म्हणून कारखान्याच्या माडीवर बैठक बसली. परवाना त्याने आधीच दाखवला. माझ्यासारख्या भित्र्या मास्तरांना तेवढा धीर पुरतो.

पहिला पेला बर्फावर ढवळला: दोन भाग बर्बन, प्रत्येकी एक भाग फ्रेंच मंडळी. पाक झाला! दोन्ही फ्रेंच बाटल्या गोड, हे आम्ही विसरलो होतो. दुसऱ्यात बर्बन साठ मिलिलिटर, बेनेडिक्टीन पंधरा, क्वान्त्रो नुसती चमचाभर. वर संत्र्याची साल पिळली. झकास जमले. पण मित्र गप्प. ‘चांगलं आहे रे,’ तो म्हणाला, ‘पण घरचं नाही.’

मग त्याने शेगडी पेटवली. दालचिनी, लवंग, वेलची, गवती चहा यांचा काढा उकळू लागला. तो बाटली ओतणार, तोच मी ओरडलो, ‘थांब! आधी विस्तव बंद कर!’ एका लग्नात मावशींनी असेच कोणाला तरी खडसावलेले मला एकदम आठवले. कारण साधे आहे: मद्यार्क 78 अंशांवर उकळतो, पाण्याच्या कितीतरी आधी. उकळत्या काढ्यात ओतला की जीव वाफेबरोबर निघून जातो. मावशींना अंश ठाऊक नव्हते, वास ठाऊक होता.

पातेले उतरवले, मग ओतले. एक घोट घेऊन मित्राने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मला मात्र तो घोट जड गेला. मी बोलींचा अभ्यासक म्हणवतो. दहा वर्षे दर दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन मावशींकडे जायचे, त्यांची लग्नगीते, त्यांचे शब्द, त्यांच्या कृती उतरवून घ्यायच्या, असे ठरवीत होतो. वही कोरीच राहिली. फेकांच्या व्यापाऱ्याने गुपित तिजोरीत जपले. आमचे गुपित चुलीपाशी उघडे होते, विचारायचीच खोटी!

त्या माडीवर मी वहीचे पहिले पान लिहिले. दालचिनी ‘एक मूठ’ येथे अडलो. मित्राची मूठ मावशींच्या दुप्पट. पण मुलगी हातापायांनी आजीवर गेली आहे. डिसेंबरात ती आली की मूठ तिचीच घ्यायची आणि तराजूवर मोजून लिहायची, असे ठरवून मी सातिवली सोडले. या वेळी वही पिशवीत वरच ठेवली आहे.