संध्याकाळचा गजर

आमच्या मिरजेच्या घरी गजराचं घड्याळ संध्याकाळी वाजायचं. बाकीच्यांच्या घरी ते पहाटे वाजतं, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं.

आजोबा अर्जनवीस होते. कचेरीबाहेर चिंचेच्या सावलीत सतरंजी, तिच्यावर उतरतं लाकडी डेस्क, दौत, टाक, टिपकागद. पगार नाही, हक्काची रजा नाही. पानामागे ठरलेले पैसे. कचेरी पाच-साडेपाचला सुटायची, पण आजोबांचं काम तिच्याबरोबर सुटायचं नाही. ज्यांची दुसऱ्या दिवशी तारीख असायची ती माणसं घर शोधत यायची. कुणाचा बांध शेजाऱ्याने कोरलेला, कुणाची पोटगी अडलेली, कुणाचं नाव सातबाऱ्यावर लागायचं राहिलेलं. ओसरीवर बसून आजोबा लिहीत राहायचे. सातला गजर झाला की टाक पुसायचे, दौतीचं झाकण लावायचे आणि समोरच्याला म्हणायचे, ‘सकाळी सहाला या. पहिला तुमचा घेतो.’

एकदा एक बाई कडेवर पोर घेऊन आली होती. गजर झाला तेव्हा तिचा अर्ज निम्मा झाला होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजोबांनी टाक खाली ठेवला, तेव्हा मला त्यांचा फार राग आला. आजीने त्या बाईला भाकरी-आमटी वाढली, ओसरीवर अंथरूण घातलं. सकाळी मी उठले तेव्हा सहा वाजून गेले होते आणि आजोबा तिचा अर्ज तिलाच वाचून दाखवत होते. रात्रीचं निम्मं पान त्यांनी बाजूला काढून सगळा अर्ज नव्याने लिहिला होता. ती रडत होती. आपल्यावर जे गुदरलं ते असं नीट सांगता येतं, हे तिला पहिल्यांदाच दिसत असावं.

सातनंतर आजोबा हात धुऊन, टोपी चढवून सतारमेकर गल्लीत जायचे. तिथल्या एका दुकानात भोपळे कोरण्याचं, तारा जुळवण्याचं काम चालायचं. आजोबा कोपऱ्यात बसून ऐकायचे. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं हाताखालून जायची. ती घरात येऊ नयेत म्हणून ते त्या गल्लीतून फिरून येत, असं मला आता वाटतं.

घड्याळ पितळेचं, डोक्यावर घंटा. तबकडीवर एक तारा, त्या ताऱ्यात ‘जे’ हे अक्षर आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’. मी इंग्रजी अक्षरं जुळवून वाचलेले हे पहिले शब्द.

पुढे पुण्यात एका वर्तमानपत्रात उपसंपादक झाले. तिथे घड्याळ लागलंच नाही. रात्री पान सोडलं की दिवस संपला. चूक राहिली असेल तर ती उद्याच्या अंकात. आज काही करता येत नाही. त्या सक्तीचा मला तेव्हा त्रास व्हायचा. आजोबा गेल्यावर आजीने घड्याळ माझ्या हातात दिलं. चावी देऊनही ते चालेना, म्हणून मी ते कापडात गुंडाळून ठेवलं.

२००९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत स्टुटगार्टला आलो. दोन वर्षं भाषा शिकण्यात गेली, मग घरून लिहायला लागले. पुण्या-मुंबईच्या अंकांसाठी मराठीत, इथल्या प्रकाशकांसाठी संपादन आणि अनुवाद. कर-कार्यालयाने मला ‘फ्रायबेरुफलर’ म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून क्रमांक दिला. इथे पुस्तकाच्या अनुवादाचा हिशेब ‘नॉर्मझाइटं’वर, म्हणजे प्रमाण पानावर होतो: ३० ओळी, ओळीला ६० अक्षरं. टाइपरायटरच्या काळातलं माप, अजून चालतं. पहिल्या करारात ते वाचलं आणि चिंचेखालचं डेस्क डोळ्यांसमोर आलं. मीही पानामागे पैसे घेणारी झाले होते.

या देशाने माझ्यासारख्यांसाठी एक मोठी सोय केलेली आहे आणि ती आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासं’ हे तिचं नाव. कलाकार आणि लेखक यांचा सामाजिक विमा. १९८१ साली कायदा झाला, १९८३ पासून तो लागू आहे आणि त्याचं काम व्हिल्हेल्म्सहाफेन या उत्तरेच्या बंदरातल्या शहरातून चालतं. नोकरदाराच्या विम्याचा निम्मा भार मालक उचलतो. लेखकाला मालक नाही. म्हणून आरोग्य, निवृत्तिवेतन आणि दीर्घकालीन शुश्रूषा यांच्या हप्त्यातला निम्मा वाटा लेखक भरतो. उरलेला निम्मा असा: एकूण हप्त्याचे ३० टक्के लेखकांकडून काम घेणाऱ्या संस्था कर म्हणून देतात आणि २० टक्के सरकार देतं. अर्ज लांबलचक आहे, करार आणि बिलं जोडावी लागतात. तो भरताना अर्जनविसाची नात असल्याचा उपयोग झाला. आजोबांनी अंथरूण धरल्यावर एक पैसा कुठून येत नव्हता, हेही तेव्हा फार आठवत होतं.

पण विमा मिळाला म्हणून दिवस सावरला नाही. हिवाळ्यात भारत इथून साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. पहाटे पाचला पुण्याहून निरोप येऊ लागायचे, कारण तिथे कचेऱ्या उघडलेल्या. इथल्या संपादकांची उत्तरं संध्याकाळी सहा-सातपर्यंत यायची. दोन्ही टोकांनी दिवस ताणला गेला. त्यात दिवाळी अंकांचे पावसाळ्यातले महिने आले की रात्रही त्यात गेली. मिरजेत संध्याकाळ आपली आपण कळते. बारा महिने ती सहा ते सातच्या आसपासच येते. स्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड राहतो. काम कधी थांबवायचं हे आकाश सांगत नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात एका ठिकाणी तीन महिने केलेल्या कामाचे पैसे आले नाहीत. ते भरून काढायला मी आणखी तीन कामं घेतली. झोप उडाली. लिहिलेलं वाक्य वाचताना ते कुणी लिहिलंय असं वाटायचं. मुलगी एकदा जेवताना म्हणाली, ‘आई, तू ऐकत नाहीयेस, तू मनात लिहितेयस.’

त्याच दिवसांत कपाट आवरताना सामानाबरोबर आलेलं आजोबांचं घड्याळ सापडलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेलं. त्याने मागचं झाकण काढलं, भिंग लावलं आणि म्हणाला, ‘हे इथलंच आहे. युंगहान्स, श्राम्बेर्ग.’ मोडलं काही नव्हतं. तेल घट्ट होऊन चाकं अडकली होती. दोन आठवड्यांनी ते टिकटिकत घरी आलं.

श्राम्बेर्ग ब्लॅक फॉरेस्टमधलं छोटं गाव. युंगहान्सचा कारखाना तिथे १८६१ साली निघाला आणि १९०३ मध्ये तो जगातला सगळ्यांत मोठा घड्याळांचा कारखाना होता. तीन हजारांवर माणसं कामाला. घड्याळ दुरुस्त झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे गेले. तिथे एक इमारत आहे, टेरासेनबाउ, १९१६ ते १९१८ मध्ये बांधलेली. आता तिच्यात घड्याळांचं संग्रहालय आहे. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे नऊ मजले एकामागे एक चढत जातात. प्रत्येक मजला अरुंद आणि समोर सगळ्या खिडक्या, म्हणजे बारीक काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बाकावर दिवसाचा उजेड पडावा. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आमचं घड्याळ ही इमारत उठण्यापूर्वीचं की नंतरचं, कुणास ठाऊक. पण हातांना उजेड लागतो आणि उजेड संपला की काम संपतं, हे जाणणाऱ्या माणसांनी ती बांधली. माझं टेबल तेव्हा झोपण्याच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून होतं. परतल्यावर पहिलं काम केलं ते टेबल पूर्वेच्या खिडकीशी ओढण्याचं.

दुसरं काम, संध्याकाळी सहाचा गजर लावला.

इथे काम संपण्याला ‘फायरआबेंड’ म्हणतात. फायर म्हणजे सण, आबेंड म्हणजे संध्याकाळ. मूळ अर्थ सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. पुढे रोजच्या कामाच्या शेवटाला तोच शब्द आला. गवंडी, नर्स, बँकेतला कारकून, सगळे तो सारख्याच हक्काने उच्चारतात. मला तो जर्मनमध्ये कळण्याआधी मिरजेत दिसला होता.

पहिले काही महिने कठीण गेले. गजर झाला तरी बोटं चालू राहायची. मग आजोबांची दुसरी अट लक्षात आली: सकाळी सहाला ते खरोखर बसायचे. थांबण्याचा हक्क त्यांना त्या सहाने दिला होता. आता मी सहाला बसते आणि निरोप नऊपर्यंत उघडत नाही. ते तीन तास माझ्या स्वतःच्या लिखाणाचे. बिलं आणि पत्रं दुपारी. रविवारी काम नाही. रविवारची विश्रांती जर्मनीच्या राज्यघटनेतच आहे आणि शेजारीही ती पाळतात, त्यामुळे सोपं जातं. महिन्यातून एकदा अनुवादकांच्या बैठकीला जाते. ठरलेलं टेबल, ठरलेला वार, आणि कोण पानाला किती देतं हे तिथे उघड बोललं जातं. एकटीने भाव ठरवताना मी नेहमी कमी सांगायचे. तिथे बसायला लागल्यापासून सांगत नाही.

उत्पन्न पहिल्या वर्षी थोडं घटलं, दुसऱ्या वर्षी पूर्वीइतकं झालं. झोप परत आली. आणि मी आनंदात आहे, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सहानंतर मी बाहेर पडते. स्टुटगार्टच्या टेकड्यांवर चारशेहून अधिक जुन्या दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत, द्राक्षमळ्यांच्या काळातल्या. आमच्या मागची वाट चढून गेलं की खाली सगळं शहर दिसतं. मुलगी कधी बरोबर येते, तिच्या गोष्टी सांगते. मी ऐकते.

घरून लिहिणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, सकाळी उठायचं कसं जमवतेस. मी त्यांना संध्याकाळचा गजर लावायला सांगते. घरात जुनं घड्याळ बंद पडलेलं असेल तर टाकून देऊ नका. एकदा घड्याळजीला दाखवा. बहुतेक वेळा तेल घट्ट झालेलं असतं.