आबांच्या नावाचे बारा पेले

अमळनेरच्या घरात आम्ही सात भावंडं वाढलो. कोण सख्खं, कोण चुलत, कोण आत्येभाऊ, हे लग्नपत्रिका छापायची वेळ येईपर्यंत आम्हाला नीट सांगता आलं नसतं. आता कोणी पुण्यात, कोणी सुरतेला, एक जण भुसावळला रेल्वेत. पण दोघं-तिघं एकत्र आलो की बोलणं ओट्यावरच येतं.

दिवेलागण झाली की ओट्यावर घोंगडी पडायची. आबा भिंतीला टेकून, नाना खांबाशी, फुई, म्हणजे आत्या, उंबऱ्यात पुस्तक घेऊन आणि मोठी माय दारामागे, दिसणार नाही पण ऐकू येईल अशी. जगात जे नवं येईल त्यावर या चौघांचं काही ना काही म्हणणं असे. आबांना आधी किंमत कळायला हवी. नानांना ते चालतं कसं, हे हवं. फुई प्रताप कॉलेजात शिकत होती, तिला ते बरोबर की चूक, हे ठरवायचं असे. मोठ्या मायला अक्षरओळख नव्हती. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि आतून एकच विचारायची, "हाई कोनासाठे शे?" हे कोणासाठी आहे?

१९७६ च्या डिसेंबरात जळगावला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. रेडिओ घरात आधीपासून होता, पण तो पुण्या-मुंबईचं बोलायचा. आता तो आपल्याकडच्या पावसाचं, आपल्या कापसाचं बोलू लागला, आणि कधीमधी आपल्या बोलीतलं गाणंही त्यातून यायचं. शाळेत अहिराणी शब्द तोंडून गेला की हातावर छडी बसायची. त्यामुळे तीच बोली रेडिओतून आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. फुई म्हणाली, बहिणाबाई इथल्याच, आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, तरी जळगावचा छापखाना पाहून त्यांनी त्यावर कविता रचली. यंत्राला भ्यायचं नाही आणि त्याला मोठंही म्हणायचं नाही, हे त्या बाईला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. फुईचं हे म्हणणं आम्हाला आजही पटतं.

रेडिओ ऐकायला सालदारबाबा यायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचं साल ठरायचं, ते पुढच्या आखाजीपर्यंत. असं तीस वर्षं. गुरांचं आटोपून ते ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसत. शेतीचा कार्यक्रम त्यांच्याइतका लक्ष देऊन घरात कोणी ऐकत नसे, आणि दुसऱ्या दिवशी शेतात नानांना त्यातलं काय करायचं आणि काय सोडायचं ते तेच सांगत. वरच्या घोंगडीवर आणि खालच्या पायरीवर आवाज सारखाच पोचत होता. चहा मात्र सारखा पोचत नव्हता. गोठ्याच्या दाराशी भिंतीत एक देवळी होती आणि तिच्यात कान तुटलेला एक कप. मोठी माय त्यात वरून चहा ओतायची. बाबा पिऊन तो विसळायचे आणि पुन्हा देवळीत ठेवायचे. आम्ही मुलं रोज बघत होतो, आणि ते आम्हाला कंदिलाच्या खुंटीइतकं साधं वाटत होतं.

आबांबद्दल इथे खरं लिहायला हवं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि आबा त्यांच्या वर्गात बसलेले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी दहा दिवस उपास केला, तेव्हा आबांनीही इथे एक दिवस अन्न घेतलं नव्हतं. हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज जड व्हायचा. त्यात खोटं काही नव्हतं. आणि तो कपही देवळीत होता. दोन्ही एकाच घरात, वीस पावलांच्या अंतरावर, वर्षानुवर्षं. आम्ही त्यावर पुष्कळदा भांडलो आहोत. एकाचं म्हणणं, त्या काळाच्या मानाने आबा पुढेच होते. मला ते पुरत नाही. तो एक दिवसाचा उपास खरा होता, म्हणूनच तो कप मला जास्त टोचतो.

१९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि तिकडे दलितांची घरं जाळली गेली. रेडिओवर बातम्या यायच्या आणि ओटा गप्प असायचा. त्या गप्प बसण्यात एकदा फुईने चाळीसगावची गोष्ट सांगितली. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून खान्देशात आले होते. धुळ्याच्या फाट्यावर एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते रेल्वेने चाळीसगावला परतले. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे. महारवाडा दोन मैलांवर. टांगे पुष्कळ होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. ज्याने कधी लगाम धरला नव्हता अशा एकाने तो हाकला. नदीवरच्या पुलावर चाक अडखळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

नाना म्हणाले, "आगगाडीने जात विचारली नाही. टांग्यानेही विचारली नाही. विचारली ती टांगेवाल्याने." नाना यंत्राचे माणूस, त्यांना यंत्राची बाजू घ्यायची होती. पण वाक्य पडलं, आणि सगळ्यांच्या नजरा नकळत खालच्या पायरीकडे गेल्या. बाबा तिथे बसलेलेच होते.

पुढच्या वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली. बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागली होती. फुई एकटी गेली आणि शिकवणीच्या साठवलेल्या पैशांतून स्टीलचे बारा पेले घेऊन आली. बाराही एका मापाचे, बाराहींवर आबांचं नाव कोरून घेतलेलं. संध्याकाळी चहा तिनेच केला आणि बाराही भरून परातीत बाहेर आणले. पहिला पेला खालच्या पायरीवर दिला, मग ओट्यावर. रात्री सगळे एकत्र घासून पालथे घातले. त्यातला बाबांचा कोणता, हे कोणाला सांगता येणार नव्हतं. पितळेला कल्हई लागायची, चिनी मातीला चीर जायची, प्रत्येक भांडं आपला मालक सांगायचं. स्टील काही सांगत नव्हतं. मोठी माय तीन दिवस आपल्या तांब्यानेच पाणी प्यायली. चौथ्या दिवशी तिने एक पेला उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि प्याली. बोलली काही नाही. देवळीतला कप कधी गेला ते आम्हाला आठवत नाही.

नंतरचं भरभर घडलं. फुईचं लग्न होऊन ती धुळ्याला, देवपुरात गेली. तिथे ती शाळेत शिकवू लागली. ३१ जुलैला आमच्यातलं कोणी तिच्याकडे असेल तर ती त्याला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर न्यायचीच. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी आलेले बाबासाहेब तिथे राहिले होते, म्हणून त्या दिवशी डोंगर माणसांनी भरून जातो. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा नानांनी टीव्ही ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून मांडला. गल्ली तर आलीच, भिलाटीतल्या बायाही येऊन लांब उभ्या राहिल्या. मोठी माय टीव्हीला हळदकुंकू लावून वळली आणि त्यांना म्हणाली, "पुढे या वं, देव समदासना शे." तिने आपल्या जुन्या प्रश्नाला स्वतःच दिलेलं उत्तर आम्ही ऐकलं ते हे एकदाच.

गावातल्या कंपनीचंही ओट्यावर बोलणं व्हायचं. १९४५ साली भुईमुगाच्या तेलाची आणि वनस्पती तुपाची म्हणून उभी राहिलेली विप्रो पुढे संगणकात गेली. शेअर धरून बसलेल्या अमळनेरच्या घरांचं सोनं झालं. आमच्याकडे शेअर नव्हते, नानांना त्याची हळहळ होती. फुईची हळहळ वेगळी होती. शेंगांची पोती ज्यांनी वाहिली त्यांच्या हातात कोणी कधी तो कागद ठेवला का, असं ती विचारायची.

२०१० च्या सप्टेंबरात शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. नानांना केवढा आनंद झाला होता! खान्देशच्या एका आदिवासी बाईपासून देशाची मोजणी सुरू झाली, म्हणायचे. दोनेक वर्षांनी फुई सालदारबाबांना भेटायला गेली. त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. नांगराच्या मुठीने आणि मोटेच्या नाड्याने बोटांवरच्या रेघा घासून गेल्या होत्या. ती शेतं आमची होती.

आणि मग २०१८. घरातल्या सगळ्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. जूनमध्ये त्यावर मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून एक मेसेज आला. आम्हा सात जणांपैकी तिघांनी तो पुढे पाठवला. त्या तिघांत मी होतो. काळजीपोटी पाठवला, हे खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. १ जुलैला, रविवारी, साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या बाजारात आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेली. आमच्या लहानपणी डौर वाजवत हेच लोक दारात यायचे. मोठी माय सुपातून धान्य घालायची आणि आमच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून घ्यायची.

त्या रात्री फुईने एकेकाला फोन केला. ओरडली नाही. "तू पाठवलास का?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. नाना असते तर त्यांनी ती कशी चालते ते समजावून घेतलं असतं. मला मात्र नानांचंच टांग्याचं वाक्य आठवत राहिलं. या वेळी लगाम माझ्या हातात होता.

पुढच्या वर्षी घर विकलं. भांडी वाटायला सगळे जमलो. बाहेर कोणाच्या तरी हळदीत अहिराणी गाणी जोरात लागली होती, आणि आमची मुलं, ज्यांना आम्ही अहिराणी शिकवली नाही, ती मोबाइलवरून ती गाणी पाठ करून ओट्यावर नाचत होती. माळ्यावरून पेल्यांची पेटी निघाली. बाराही होते. फुईने एकेक पालथा करून बघायला सुरुवात केली. सातव्याच्या की आठव्याच्या बुडाशी एक बारीक फुली होती, विळ्याच्या टोकाने ओढलेली.

"त्यांनीच सांगितलं होतं मला," फुई म्हणाली, "अंगठ्याचं बघायला गेले होते तेव्हा. मायला त्रास नको म्हणून पहिल्याच आठवड्यात खूण करून ठेवली. रोज शोधून तोच घ्यायचे."

तो पेला फुई धुळ्याला घेऊन गेली. तिच्याकडे तो बाकीच्या पेल्यांबरोबरच असतो, आणि ती कोणाला कुठला देते ते ती बघत नाही. आम्ही गेलो की पाणी पिऊन झाल्यावर पेला उलटा करून बघतो.