सरस

आमच्या पोरांनी नाशकातून जुनी गिटार आणली तेव्हा आबा म्हणाले, "ही सायबाची वीणा कशाला? पेटी हाय, ढोलकी हाय."

पोरं ऐकतात होय? भीमगीतं गिटारवर बसवली. चांगली बसली. आणि पहिल्याच श्रावणात गिटारची घोडी उपटली. साखरशेतचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. जव्हार-मोखाड्यात पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. भिंतीला बुरशी, कपड्याला वास. दरवाजा चौकटीत अडकतो तो पार दसऱ्यापर्यंत.

मी सुतारकाम करतो. जातीनं नाही, पोटानं. गावचा सुतार मला रंध्याला हात लावू देत नव्हता. मग सेंटरिंगच्या फळ्या ठोकता ठोकता शिकलो. तेव्हा गिटार माझ्याकडेच आली. बाजारातला पांढरा डिंक लावला, शिकंजा आवळला, दिली. १४ एप्रिलला टेम्पोच्या टपावर उन्हात तापली, आणि भर कार्यक्रमात घोडी ताडकन उडाली. पोरगं उभं राहिलं नुसतं. लोक हसले. त्याचं तोंड मला अजून दिसतं.

चूक माझी होती. सहा पोलादी तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. म्हणजे एक बाप्या रात्रंदिवस त्या घोडीला लोंबकळतोय. पांढरा डिंक सुकला तरी आतून मऊच राहतो, सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, उन्हात आणखी. खुर्चीला चालतो. इथं नाही.

मी ठरवलं, एक गिटार आपल्या हातानं करायची. पडक्या घराची सागाची चौकट मिळाली, तिची दांडी केली. वरची तबली आणि बगला शिवणीच्या. शिवण हलकी, फारशी वाकत नाही. पडद्यांची पट्टी आणि घोडी शिसवाची.

दोस्तहो, पुढचं नीट वाचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लाकूड वाया घालवून शिकलोय.

तबली दोन फळ्या जोडून करतात. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. जोड लावण्याआधी दोन्ही कडा एकमेकींना टेकवून उजेडासमोर धरा. केसाएवढा कवडसा दिसला तरी परत रंधा मारा. शिकंज्यानं दाबून फट बुजवली तर ती आज बुजते आणि पुढच्या उन्हाळ्यात फाटते.

बगल दोन मिलिमीटरची. ओली करून तापल्या लोखंडी नळीवर वाकवायची. माझ्या दोन कमरेतच मोडल्या. कारण फळीचे तंतू तिरपे निघाले होते. तंतू सरळ असलेली फळी घ्या, मागून पत्र्याची पट्टी धरा आणि घाई करू नका. लाकूड पाण्यानं नाही, उष्णतेनं वाकतं.

पडद्यांचं गणित सोपं. माझी तार ६५० मिलिमीटर. उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागा, तेवढ्यावर पुढचा पडदा. पहिला साडेछत्तीसवर. बारावा बरोबर निम्म्यावर, ३२५ वर आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी चुकलात. घोडी मात्र हिशेबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागं, जाड तारेकडे जरा जास्त. बोट दाबलं की तार ताणते आणि सूर चढतो, म्हणून.

आतल्या पट्ट्या फाल्गुन-चैत्रात चिकटवा, लाकूड कोरडं असताना. लाकूड लांबीत वाढत नाही, आडवं फुगतं. पावसाळ्यात चिकटवलेली तबली उन्हाळ्यात आकसते आणि चिरते. उन्हाळ्यात चिकटवलेली पावसाळ्यात थोडी फुगते, पण जगते.

आता राहिला डिंक. जुने कारागीर सरस वापरतात. जनावराच्या कातड्या-हाडांचा. रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा. उकळला की मेला. सुकल्यावर काचेसारखा कडक, ताणाखाली सरकत नाही. पुढं जोड उघडायचा झाला तर ऊब आणि ओल देऊन उघडतो.

भांडं चुलीवर ठेवलं आणि आबांना वास आला.

"काय शिजवतूस?"

सांगितलं.

आबांचा चेहरा बदलला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या आज्यानं १९५६ नंतर ढोर ओढणंही सोडलं. गावानं किराणा बंद केला, पाणी बंद केलं. आज्या हटला नाही. १९७२ च्या दुष्काळात आबा रस्त्याच्या कामावर इकडं आले ते इथलेच झाले. आणि त्यांचा लेक घरात कातडं शिजवतोय.

मी म्हणालो, "आबा, ढोलकीला कातडंच असतं. तुम्ही वामनदादांच्या गाण्याला रात्र रात्र बसलात. तेव्हा चाललं?"

"ढोलकी इकत घेतली व्हती. इकत घेनं येगळं, कुनी हाक मारली म्हनून वढत नेनं येगळं."

मी गप्प झालो. एवढा नेमका फरक मला कुठल्या शिबिरात कुणी सांगितला नव्हता. थोड्या वेळानं म्हणालो, "सरस मीपण विकतच आणलाय, आबा. कुणी हाक मारली नाही."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "शिजव. पर हितं नको."

शेजारच्या वारली बाबांच्या अंगणात चूल मांडली. ते दुधी भोपळ्याचा तारपा करतात, त्याचे जोड मेणानं बसवतात. त्यांनी वास घेतला, हसले आणि लाकडं पुढं सारली. घोडी तिथं बसली. सागाला तेल असतं, म्हणून दांडीचा जोड ताजा तासून लगेच सरस लावला.

मिरजेत हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी १९ व्या शतकात सतारी-तंबोरे घडवायला घेतले. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कुठला हात कुठलं काम करील हे जन्म ठरवत नाही, हे आपण भाषणात म्हणतो. रंधा धरून म्हणावं लागतं.

यंदा १४ एप्रिलला घोडी हलली नाही. आबा पहिल्या रांगेत होते. गिटारला त्यांनी अजून हात लावलेला नाही. तिसऱ्या गाण्यानंतर मला जवळ बोलावून म्हणाले, "ती जाड तार उतरलीया. सांग त्याला."

आषाढ आला की तारा सैल करून ठेवतो. ओल सरसाचीही वैरी आहे.

सुतारानं माझ्यापासून लपवलं. मी तुमच्यापासून लपवणार नाही. मापं वर दिली आहेत, उतरवून घ्या.

जयभीम.