चाप आणि शील

वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. वाचनाची पाळी बहुतेक वेळा आमच्यावरच येते. कचेरीत जन्मभर कागद वाचल्यामुळे आमचा आवाज बसत नाही, असं उपासक मंडळींचं म्हणणं! गेल्या वर्षावासात एका रविवारी अहिंसेचा भाग वाचून झाला, सरणत्तयं झालं, आणि आमच्या वहिनींनी सगळ्यांसमोर सरळ प्रश्न टाकला.

"भाऊजी, रोज उठून पंचशील म्हणायचं, जीवहिंसा करणार नाही म्हणायचं, आणि आमची पोरगी कमरेला पिस्तूल लावून हिंडणार. हे कसं बसतं, तेवढं सांगा."

आमची पुतणी स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाली. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत शिकून बाहेर पडली, तेव्हा तिच्या दीक्षान्त संचलनाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. टाळ्या वाजवताना वहिनींचेही डोळे भरून आले होते. आमचे थोरले बंधूही पोलीस खात्यातच होते. तीस वर्षांहून अधिक नोकरी करून ते निवृत्त झाले. म्हणून आम्ही वहिनींना म्हणालो, "दादांच्या वेळी तुम्ही कधी विचारलं नाही!"

"तेव्हा घर चालवायचं होतं. आता पोरीचा जीव आहे."

आम्ही आमच्या परीनं उत्तर दिलं. परमपूज्य बाबासाहेबांनी याच ग्रंथात अहिंसेचा उलगडा केला आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, आणि मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी, असं ते बजावतात. कुणाचा जीव वाचवण्यासाठी पोलिसाला शस्त्र उचलावं लागलं, तर त्यात मारण्याची हौस नसते. लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनी मात्र डोलावली नाही.

"इच्छा नाही, गरजही नाही, आणि चुकून सुटली तर? ती कुठल्या खात्यात मांडायची?"

आम्ही बी. कॉम. झालेले. खातं हा शब्द ऐकून खरं तर उत्तर सुचायला हवं होतं. पण सुचलं नाही.

रात्री दादांच्या घरी जेवायला बसलो. पुतणी दोन दिवसांच्या रजेवर आलेली. विषय पिस्तुलाचाच निघाला. दादा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आमच्या वेळी पिस्तूल म्हणजे लोखंड होतं. कमरेला लावलं की वजन कळायचं. आता निम्मं प्लास्टिक."

"पप्पा, तुम्हीही शेवटी तेच वापरलंत ना?" पुतणी हसली.

ते खरं होतं. दादा १९८६ साली शिपाई म्हणून लागले, तेव्हा हातात .३०३ रायफल होती. पुढे अंगरक्षकाच्या कामावर गेले, तेव्हा ९ एमएमचं पोलादी पिस्तूल मिळालं. ते ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालेलं. त्याचा मूळ आराखडा जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचा. १९२६ साली त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियममध्ये दियुदोने सैव यांनी तो पुरा केला आणि १९३५ च्या सुमारास हे पिस्तूल जगात आलं. रिकामं असतानाच त्याचं वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. डाव्या बाजूला अंगठ्याखाली सेफ्टीची कळ. ती वर केली की पिस्तूल झोपलं, खाली केली की जागं झालं. दादांच्या अंगठ्याला ती कळ इतकी पाठ झाली होती, की बोलताना तांब्याच्या काठावरही त्यांचा अंगठा वरखाली होतो. हे आम्ही त्या रात्री प्रथमच नीट पाहिलं.

२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला कोण विसरेल? एके-४७ समोर आपले पोलीस जुन्या .३०३ घेऊन उभे राहिले. तुकाराम ओंबळे यांनी तर हातात लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यानंतर राज्यात शस्त्रं बदलण्याच्या कामाला वेग आला. २०११ साली दादांच्या हाती ग्लॉक आलं.

ग्लॉक ऑस्ट्रियाचं. गास्टन ग्लॉक यांनी त्याआधी कधी पिस्तूल बनवलं नव्हतं. त्यांचा कारखाना लष्करासाठी चाकू आणि फावडी बनवायचा. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्करानं त्यांचं पिस्तूल घेतलं आणि जगभरच्या पोलिसांच्या कमरेवर ते चढलं. त्याचा खालचा भाग, म्हणजे मूठ आणि सांगाडा, पॉलिमरचा. नळी आणि वरची स्लाइड पोलादाचीच. त्यामुळे 'प्लास्टिकचं पिस्तूल' हे नाव काही पुरतं खरं नाही. मॅगझिन काढलेलं असेल तर वजन जेमतेम सव्वासहाशे ग्रॅम, आणि गोळ्या मात्र १७. म्हणजे भरलेलं ग्लॉक आणि रिकामं जुनं पिस्तूल, दोन्ही जवळपास एकाच वजनाची. घाम, पाऊस यांनी पॉलिमर गंजत नाही. दिवसभर कमरेला वागवणाऱ्याला हे सुख मोठंच.

"पण अंगठ्याची कळ नाही," दादा म्हणाले. "तिथंच सगळं आहे."

पुतणीनं समजावून सांगितलं. एक सेफ्टी चापावरच बसवलेली असते, दोन आत असतात. पिस्तूल हातातून पडलं तरी उडत नाही. मात्र बोटानं चाप ओढला की तिन्ही सुटतात. म्हणून वस्ताद पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतात, की नेम धरून मारायचं ठरल्याशिवाय बोट चापाच्या आत न्यायचं नाही.

दादा बराच वेळ गप्प बसले. मग वहिनींकडे न पाहता म्हणाले, "माझ्या हातून एकदा गोळी सुटली होती."

वहिनींचा हात परातीतच राहिला.

नवं पिस्तूल मिळून थोडेच महिने झाले होते. रात्री ड्यूटी संपवून पिस्तूल साफ करायला घेतलं. जुन्या पिस्तुलाची ब्राउनिंगची रचना अशी, की मॅगझिन काढलं की चाप ओढला तरी गोळी उडायची नाही. ग्लॉकमध्ये तसं नाही. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असेल तर ती उडते. शिवाय ग्लॉक खोलण्यासाठी आधी चाप ओढावाच लागतो. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं ओढायची, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं चाचपायचं, असा क्रम शिकवलेला असतो. दादांनी मॅगझिन काढलं. तेवढ्यात कुणी तरी हाक मारली. हाकेला ओ देऊन परत वळले ते थेट चापावर. एवढंच चांगलं, की तोंड वाळूच्या पेटीकडे होतं. गोळी वाळूत गेली.

"वीस वर्षं हाताला सवय होती, मॅगझिन काढलं की पिस्तूल मेलं," दादा म्हणाले. "पिस्तूल बदललं, पण सवय बदलायची राहिली. पेटीच्या जागी शेजारचा शिपाई असता तर?"

आम्ही विचारलं, "मग पुढे?"

"पुढे काय! एक गोळी कमी, एक पुंगळी जास्त. माझा मीच रिपोर्ट लिहून दिला. खुलासा मागितला, तो दिला. ताकीद मिळाली. घरी सांगायची लाज वाटली."

आम्ही कारकून माणसं. ताळेबंदात दहा पैशांचा फरक आला तर रात्रभर बसून शोधतो. दादांनी त्या एका गोळीचा फरक इतकी वर्षं मनात बाळगला होता, आणि त्या रात्री तो लेकीपुढे मांडला. ज्या बापाकडे बघून ती पोलीस झाली, त्या बापानं स्वतःची चूक तिला सांगितली. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. उठून दादांच्या ताटात भात वाढला.

वहिनींच्या विहारातल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथं मिळालं. इच्छा आणि गरज यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते, तिचं नाव गाफीलपणा. तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा आहे, म्हणजे गाफील राहू नका असा. जुन्या पिस्तुलात माणसाच्या सावधपणाचा थोडा भार कळीनं उचललेला होता. नव्यात तो बोटावर, म्हणजे मनावर आला. शस्त्र जितकं हलकं आणि चपळ, तितकं ते धरणाऱ्याचं शील जड असायला हवं. हातात शस्त्र असलेल्या उपासकाची अहिंसा चेंबर तपासण्यापासून सुरू होते.

बंधू-भगिनींनो, शस्त्राचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सैन्यात होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. आमचे आजोबा त्याच काळात भरती झाले. ज्या हातांना शस्त्र नाकारलं गेलं, त्या घरातली मुलगी आज कायद्यानं दिलेलं शस्त्र वागवते, याचा आम्हाला अभिमान आहे. पण वस्तीतली काही पोरं मोबाइलवर पिस्तूल हातात घेतलेले फोटो लावतात, त्यांचा अभिमान आम्हाला नाही. विनापरवाना शस्त्र बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तशा पोराला कुणी वाळूची पेटीही शिकवलेली नसते. शस्त्र मिरवायचं नसतं, त्याचा हिशेब द्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुतणी ड्यूटीवर निघाली. तिनं त्रिशरण-पंचशील घेतलं, बुद्ध-भीमांच्या प्रतिमांना वंदन केलं. वहिनी रोज म्हणतात, "सांभाळून जा." त्या दिवशी म्हणाल्या, "बोट सांभाळ गं."

"हो आई," ती म्हणाली, आणि दादांना कडक सॅल्यूट ठोकून जिना उतरली.

जय भीम!