सापडणाऱ्या वस्तू

मला एक वेड आहे. संगणकावर मी हरवलेल्या वस्तू शोधीत बसते. अडगळीनं भरलेल्या खोलीचं चित्र आणि सोबत यादी: कात्री, किल्ली, छत्री. वस्तू हेरून टिचकी मारली की यादीतून तिचं नाव जातं. ‘मिस्टरी केस फाइल्स: रेव्हनहर्स्ट’ हा २००६ सालचा खेळ मी आजवर पाचदा खेळले. इंग्लंडमधला ओसाड वाडा, एम्मा नावाच्या शिक्षिकेच्या रोजनिशीची विखुरलेली पानं. तिचं पुढं काय झालं हे मला तोंडपाठ आहे.

“मग पुन्हा कशाला, आई?” सून विचारते.

तिला काय सांगू! घरात चष्मा हरवला तर तो कुठंही असू शकतो. अगदी माझ्या डोक्यावरसुद्धा. इथं मात्र यादीतली वस्तू चित्रात असतेच. पडद्याच्या वेलबुट्टीत मिसळलेली, सावलीच्या रंगाची, पण आहे! एवढी हमी मला दुसरं कोण देतं? उगीच टिचक्या मारीत सुटलं तर वेळ कापला जातो, तेही योग्यच.

पहिल्या खेपेला मी रात्र जागवली. यादी दरवेळी थोडी बदलते, पण खोल्या त्याच. तिसऱ्या खेपेला हात आपोआप जाऊ लागला आणि खेळ अळणी झाला. परवा, पाचव्या खेपेला, छत्री काही केल्या दिसेना. पूर्वी सापडली होती एवढंच आठवत होतं. अखेर दिसली तेव्हा मी चक्क टाळी पिटली.

त्याच संध्याकाळी वाण्याच्या दुकानात काय आणायला आले तेच आठवेना. तिथं मात्र टाळी पिटली नाही.